आतून एक, बाहेरून एक

खिडकीला काच नव्हती, म्हणून तो आत वाकून बोलू शकला. काच असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वादळाने शाळेच्या उताराकडच्या सगळ्या खिडक्या फोडल्या होत्या. दुसरीच्या वर्गात तर एकही काच शाबूत नव्हती. रिकाम्या चौकटींतून धुकं थेट आत यायचं, बाकांमधून रेंगाळायचं आणि फळ्यापाशी येऊन थांबायचं. त्या धुक्यात उभ्या राहून दुसरीच्या बाई फळ्यावर दोन मोठी वर्तुळं काढत होत्या, एकमेकांत थोडी घुसलेली.

बाई म्हणायचं ते मुलं म्हणतात म्हणून. एरवी ती पंचविशीची, चणीने लहान, आणि रागावली तरी कुणाला खरं वाटू नये असा तिचा चेहरा.

"दोन गोष्टी ऐकायच्या," ती मुलांना समजावत होती. "फक्त पहिलीत आहे ते डाव्या वर्तुळात. फक्त दुसरीत आहे ते उजव्यात. आणि दोन्हींत आहे ते इथे, मध्ये."

पहिली गोष्ट सांगून झाली होती. ती तिला तिच्या आत्याने सांगितलेली. आईवडील लवकर गेले, आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलं, आणि आत्याच्या पोतडीत गोष्ट म्हणून ही एवढीच. एक मुलगी धुक्याच्या संध्याकाळी घरात एकटी असते. मोठी माणसं बजावून गेलेली असतात, आम्ही येईपर्यंत दार उघडायचं नाही. तेवढ्यात दार वाजतं. बाहेरून मैत्रिणीचा आवाज येतो, "गोगलगाय, गोगलगाय, दार उघड." मुलगी कडीला हात घालते. आणि तोच आवाज पुन्हा येतो, पण दाराच्या दुसऱ्या अंगाने. मग दोन्हीकडून. आवाज एक, वाक्य एक, आणि बाहेर मात्र दोघी. मुलगी कडीवरचा हात काढते आणि भिंतीला पाठ लावून बसते. सकाळी दार उघडलं तर बाहेर कुणीच नसतं.

आता दुसरी गोष्ट हवी होती. पुस्तकातली कोल्ह्याची घ्यावी की मुंगीची, असा ती विचार करत होती, तेवढ्यात खिडकीतून एक डोकं आत आलं. कानावर पेन्सिल, गळ्यात मोजपट्टी.

"माझ्याकडे एक आहे," ते डोकं म्हणालं. "चालत असेल तर सांगतो."

मुलांना काय, तेवढंच हवं होतं. तिने विचारलं, तुम्ही काचा बसवायला आलात ना? तो म्हणाला, काचा उद्यापासून, आज नुसती मापं, आणि मापं घेताना तोंड रिकामंच असतं. तिने नाही म्हणायला हवं होतं. पण तोवर तो चौकटीत बसलाही होता, एक पाय वर्गात आणि एक पाय शिडीवर.

त्याची गोष्ट त्याच्या आईची होती. एक मुलगी धुक्याच्या संध्याकाळी मैत्रिणीच्या दारी जाते. उद्या पहाटे ती आणि तिचे वडील हे गाव सोडून कायमचे निघणार असतात, सामान बांधून झालेलं असतं, फक्त निरोप घ्यायचा राहिलेला असतो. ती दार वाजवते आणि म्हणते...

"गोगलगाय, गोगलगाय, दार उघड."

तिने मान वर केली. हा शिडीवरून ऐकत होता तर, आणि आता आपलंच आपल्याला विकतोय. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. तो मुलांकडे बघत होता, आणि त्याचा आवाज उतरला होता.

दार उघडत नाही. मुलगी पुन्हा हाक मारते. आणि तिला कळतं की शेजारी कुणीतरी उभं आहे. तिच्याच उंचीची मुलगी, तिच्यासारखाच झगा. ही बोलते तेच ती बोलते. आधी हिला गंमत वाटते, मग वाटेनाशी होते. ही आणखी जोरात दार ठोठावते, तीही ठोठावते. दार काही उघडत नाही. शेवटी हिला मैत्रिणीचा इतका राग येतो, इतका राग येतो, की ती वळते आणि उतारावरून पळत सुटते. मागून पावलं येत राहतात. शेवटच्या वळणावर ती पावलं थांबतात.

"मग?" पहिल्या बाकावरून विचारणा झाली.

"मग काही नाही. ती मोठी झाली, आणि तिला एक अतिशय गुणी मुलगा झाला."

मुलं हसली. तीही हसली असती, पण ती खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत होती.

वर्तुळं भरायला घेतली. भिंत, कडी, वाट बघणं हे डावीकडे गेलं. पळणं, राग, बांधलेलं सामान उजवीकडे. आणि मधला भाग भरतच चालला. संध्याकाळ, धुकं, दार, ते वाक्य. शेवटी तिथे खडू टेकवायला जागा उरेना. पुढचे दोन दात पडलेली एक चिमुरडी कधीची हात वर करून बसली होती.

"बाई, ही एकच गोष्ट आहे," ती म्हणाली. "एक आतून आहे, एक बाहेरून."

तिने वर्तुळांच्या मधल्या भागाकडे बोट केलं.

"आणि ती दुसरी आहे ना, ती दोन्हीत आहे. ती स्वतःचं काहीच बोलत नाही. आधी कुणीतरी बोललेलं असतं तेच बोलते."

बाईंनी ते मध्ये लिहिलं, कसंबसं, बारीक अक्षरात. आणि तेवढ्यात बाहेर, शिडीच्या पायथ्याशी, धुक्यातून एक बारीक आवाज आला.

"दोन गोष्टी ऐकायच्या."

आवाज तिचा होता. काचवाल्याने वळून खाली पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"बाई," दातपडकीने विचारलं, "तुम्ही बाहेर पण आहात का?"

शाळा सुटल्यावर ती शिडीपाशी गेली. धुकं विरलं होतं, पायथ्याशी फुटक्या काचांखेरीज काही नव्हतं. तिने त्याला सरळच विचारलं, ते वाक्य माझ्या गोष्टीतून उचललंत का? तो म्हणाला, गोष्ट आईची, शपथेवर, आणि आई तर म्हणते की ही गोष्ट नाहीच, हे तिच्याच बाबतीत घडलंय. त्या मैत्रिणीला म्हणे दाराशी यायला इतका वेळ लागायचा की सगळे तिला गोगलगाय म्हणत. आणि आईला भिंगरी, कारण ती एका जागी ठरायची नाही. आजोबाही काचवालेच, आज इथे तर उद्या तिथे. आई या गावाचं नाव काढत नाही, पण गोष्ट सांगितल्यावाचून राहत नाही.

तिला आत्याची चाल आठवली. दार वाजलं की आत्या उठायची, पदर सारखा करायची, चष्मा शोधायची, आणि मग कुठे निघायची. तोवर आलेला माणूस परत जायचा.

पण ती एवढंच म्हणाली, "उद्या काचा नक्की ना? मुलांना सर्दी होतेय."

"मुलांसाठी उद्या," तो म्हणाला. "तुमच्यासाठी हवं तर आत्ता."

"हे तुम्ही प्रत्येक शाळेत म्हणत असाल."

"छे. दवाखान्यांतही म्हणतो."

असं ते सुरू झालं. तो व्हरांड्यात टेबल मांडून काच कापायचा. हिरा टेकवून एकच रेघ ओढायची, कर्रर्र, मग खालून हलकीशी टिचकी, आणि काच मुकाट दोन होते. ती वर्गात शिकवत असली तरी तिचा एक कान त्या रेघेकडे असायचा. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून तो लांबी करायचा, ती बोटाने चौकटीत भरायचा, आणि दिवसभर त्या तेलाचा वास वर्गात दरवळायचा. मुलांच्या नजरेतून काही सुटत नाही. बाई खिडकीकडे पाठ करून उभ्या राहिल्या की काचवाले काका गाणं थांबवतात, हे त्यांनी ओळखलं, आणि वर्गात खसखस पिकायला लागली.

तो बोलायला मोठा फटकळ. जिभेला हाड नाही म्हणतात तसा. तिने चहा विचारला तर म्हणायचा, तुम्ही केलेला असेल तर साखर नको. ती विषय बदलायची, पण दुसऱ्या दिवशी चहा तीच न्यायची. एवढं मात्र तिच्या लक्षात आलं होतं, की तो गंमत करताना तिच्या डोळ्यांत बघायचा, आणि खरं काही बोलायची वेळ आली की काचेत.

आणि त्याच दिवसांत बाकीचंही सुरू झालं.

एकदा तो लगबगीने वर्गाच्या दारात आला. हाक मारलीत ना, म्हणाला. तिने नव्हती मारली. "मारलीत की. 'जरा इकडे येता का, शिडी सरकवायची आहे.' मागच्या अंगणातून." तिने हे वाक्य म्हटलं होतं खरं, पण आदल्या दिवशी.

मग एक दिवस तो काचा आणायला शहरात गेला होता. दुपारी धुकं उतरलं, आणि रिकाम्या व्हरांड्यातून त्याचा आवाज आला. "मुलांसाठी उद्या. तुमच्यासाठी हवं तर आत्ता." तोच लहेजा, तीच मधली थांबण्याची जागा. ती हसत उठली, दोन पावलं गेली, आणि थबकली. त्याची गाडी फाटकात नव्हती. टेबलावर कुणी नव्हतं. व्हरांड्याच्या टोकाला धुकं जरा जास्त दाट होतं, माणसाएवढ्या उंचीचं, आणि ते तिच्या पुढच्या पावलाची वाट बघत असल्यासारखं उभं होतं.

ती मागे सरली आणि मुलांना मोठ्याने पाढे म्हणायला लावले.

तो परतल्यावर तिने त्याला सांगितलं. तो या वेळी हसला नाही. म्हणाला, आई म्हणायची, ती दुसरी ऐकून ठेवते. विसरत नाही.

त्या संध्याकाळी तिने आत्याला विचारलं, की गोष्टीतली ती मुलगी कोण? आत्या भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण देठं भांड्यात आणि पानं कचऱ्यात पडू लागली. मग काचवाल्याने सांगितलेली बाहेरची बाजू तिने सांगितली, आणि आत्याने ताट खाली ठेवलं.

हेच घर, हेच दार, आत्या म्हणाली. दोन झडपांचं, मध्ये कडी. मुलगी मीच, आणि माझी मैत्रीण भिंगरी. सकाळी कळलं, काचवाला पोरीला घेऊन गाव सोडून गेला. सगळे म्हणाले, अगं, गेली ती, सुखरूप गेली. "पण दाराबाहेर दोघी होत्या," आत्या म्हणाली. "गाडीत बसून एकच गेली. कुठली गेली?"

तिने कचऱ्यात पडलेली पानं वेचून भांड्यात टाकली.

"मला तो मुलगा या घरात नको," आत्याने सांगून टाकलं. "त्याच्या आईचा मला भरवसा नाही. आणि तू त्याच्यासाठी चहा नेतेस, हे मला कळलंय. गाव लहान आहे."

आत्याचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. रात्रभर तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तो चहाची वाट बघत होता आणि ती गेली नाही. त्यानंतरही गेली नाही. खिडक्या एकेक करून बंद होत आल्या. दोन काचा मात्र आखूड निघाल्या, त्या बदलून आणायला तो पुन्हा शहरात गेला, मोजपट्टीला दोष देत. मुलांनी विचारलं, बाई, तुमचं काकांशी भांडण झालंय का? नाही, ती म्हणाली, आणि फळ्याकडे वळली.

फळ्याच्या कोपऱ्यात ती वर्तुळं अजून होती. मुलं पुसू द्यायची नाहीत. ती वाचत उभी राहिली. डावीकडे काय, उजवीकडे काय, मध्ये काय. ती स्वतःचं काहीच बोलत नाही. मग तिची नजर उजव्या वर्तुळाकडे गेली आणि तिथेच खिळली. राग. तो फक्त दुसऱ्या गोष्टीत होता. आत्याच्या गोष्टीत कुणी कुणावर रागावलंच नव्हतं.

घरी जाऊन तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "आत्या, ती दुसरी फक्त ऐकलेलं बोलते ना? मग त्याची आई ती दुसरी असेल, तर तिने जे सांगितलं ते कुणाकडून ऐकलं असेल? तू तर कधी बोलली नाहीस. ती निरोप घ्यायला आली होती. तू उघडलं नाहीस म्हणून तिला राग आला होता."

"राग?" आत्या म्हणाली.

"अजून आहे. या गावाचं नाव काढत नाही. तो सांगत होता, गोगलगायीचा विषय निघाला की आई भांडी आपटते."

आत्याने दाराकडे पाहिलं. मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला, आणि डोळ्यांत पाणी आलेलं असताना ती हसायला लागली.

"भांडी आपटते? मग तीच गं. भिंगरीच ती. चेंडू दिला नाही तर महिना महिना बोलायची नाही." तिने डोळे पुसले. "त्याला म्हणावं, आईला घेऊन ये. आणि म्हणावं, या वेळी दार मी उघडेन."

निरोप तिने शाळेच्या फाटकात दिला, त्याच्याकडे न बघता. तोही काचेकडे न बघता म्हणाला, आईला आणतो. एवढंच. विनोद नाही, काही नाही. इतक्या साध्या बोलण्याची तिला त्याच्याकडून सवय नव्हती, म्हणून घरी पोचेपर्यंत ती तेच आठवत राहिली.

ठरलेल्या दिवशी आकाश सकाळपासून स्वच्छ होतं. आत्याने दाराला तेल पुसलं, कडी घासली, उगाच चार वेळा पायरी झाडली. आणि दिवस कलायला लागला तसं धुकं उतरलं. भिंती गेल्या, रस्ता गेला, समोरचं झाड गेलं. आत्याने दोन्ही झडपा लावून घेतल्या आणि कडी घातली. तिने नको म्हटलं नाही.

दार वाजलं.

"बाई, मी आहे. दार उघडा."

ती धावलीच. हात कडीवर गेला.

"बाई, मी आहे. दार उघडा."

पहिला आवाज उजव्या झडपेपाशी होता. हा डाव्या. आत्या भिंतीला टेकली, तोंडावर पदर धरून.

"कोण आहे?" बाईने कडीवर हात तसाच ठेवून विचारलं.

"काचवाला," उजवीकडून आलं. "काचवाला," डावीकडून. मग उजवीकडे जरा शांतता, आणि घाबरलेल्या आवाजात, "बाई, इथे आणखी कुणीतरी आहे. उघडू नका." आणि डावीकडून तेच, तितक्याच घाबरलेल्या आवाजात. आता ते दोन्ही आवाज जागा बदलत होते. धुक्यात कुणीतरी कुणाभोवती फिरत होतं. तिने कान लावला तर श्वाससुद्धा दोन ऐकू येत होते.

"मुलांसाठी उद्या," एक आवाज म्हणाला. "तुमच्यासाठी हवं तर आत्ता."

"तुम्ही केलेला असेल तर साखर नको," दुसऱ्या बाजूने आलं.

एकही शब्द चुकत नव्हता. जे जे तिला आवडलं होतं, जे ती मनात घोळवत झोपली होती, ते सगळं बाहेर उभं होतं आणि आत येऊ बघत होतं. दार न उघडावं, तर हाही पळत सुटेल, रागावेल, आणि आत्यासारखं आपणही जन्मभर दाराकडे बघत बसू. उघडावं, तर कोणती झडप?

तिने कपाळ लाकडाला टेकवलं.

"ऐका," ती म्हणाली. "आजवर कधीच बोलला नाहीत असं काहीतरी बोला. मलाच नाही, कुणालाच. गंमत नको. खरं."

बाहेर एकदम शांत झालं. डावीकडे तर अशी शांतता की तिथे कुणी नसावंच. उजवीकडे कुणीतरी घसा खाकरला.

"म्हणजे... असं एकदम..." तो थांबला. "मला नाही येत हो असं. बरं. त्या दोन काचा... आखूड निघाल्या त्या... मोजपट्टी चुकली नव्हती. माझं माप कधी चुकत नाही. मी... मी मुद्दाम आखूड कापल्या. तुम्ही चहा आणायचं बंद केलंत, काम संपत आलं, आणि मग... पुन्हा यायला काहीतरी कारण..." तो पुन्हा अडखळला. "बाकीचं सगळं मी सगळीकडे बोलतो. हे नाही बोललो. मला... तुझ्याशिवाय करमत नाही गं."

तू. इतक्या दिवसांत तो तिला कधी 'तू' म्हणाला नव्हता.

डावीकडून अजून काही आलं नव्हतं. तिने कडी काढली, उजवी झडप हातभर उघडली, धुक्यात हात घातला. तेलाने चिकट, काचेने जागोजागी चिरलेला एक हात तिच्या हातात आला. तो गरम होता. तिने होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं, आणि आत्याने, जन्मभर दाराशी उशिरा पोचणाऱ्या आत्याने, त्याच क्षणी झडप लोटून कडी घातली.

तो उंबऱ्याच्या आत उभा होता. केसांवर दंव, कान लाल. त्याने तिचा हात सोडला नाही, तिनेही सोडवला नाही.

बाहेरून, अगदी हळू, त्याचाच आवाज आला.

"तुझ्याशिवाय करमत नाही गं."

या वेळी न अडखळता. गुळगुळीत, काचेसारखं.

तिघंही हलली नाहीत. आवाजाने ते आणखी एकदा म्हटलं, जरा दुरून. मग उताराच्या दिशेने. मग ऐकू येईनासं झालं.

भिंगरी खाली वळणावर गाडीत बसून होती. मुलाने तिला सांगितलं होतं, तू थांब, मी आधी बघून येतो. पण थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. धुकं जरा पातळ होताच ती काठी टेकत चढ चढून आली आणि पायरीखाली उभी राहिली. हाक मारली नाही, दार वाजवलं नाही. नुसती उभी राहिली, हनुवटी वर करून. आत्याने खिडकीतून पाहिलं. तिने चष्मा शोधला नाही, पदर सारखा केला नाही. दोन्ही झडपा उघडून ती पायरी उतरली.

आत्याने सांगितलं, मला दोन आवाज आले होते. भिंगरी म्हणाली, माहीत आहे, मी होते तिथे. मग म्हणाली, तरी खिडकीतून बघता आलं असतं. आत्या म्हणाली, खिडकीला तेव्हा काच नव्हती गं, फळी होती. भिंगरीने यावर विचार केला. "माझ्या बापाला सांगायचंस," ती म्हणाली, "फुकट बसवून दिली असती." आणि तिने आत्याचा हात धरला. त्या आत गेल्या ते भांडतच, आणि स्वयंपाकघरात पातेली वाजायला लागली.

ती दोघं पायरीवर उरली. धुकं आता फक्त खाली वळणापाशी होतं, पांढऱ्या कापडाची गुंडाळी करून ठेवावी तसं. तो बराच वेळ हाताच्या बोटावरची वाळलेली लांबी खरवडत बसला.

"मी बोललो ते बोललो," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही... तू काहीच म्हणाली नाहीस."

तिने खाली वळणाकडे पाहिलं. मग ती त्याच्याजवळ सरकली, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हाताने त्याच्या कानाभोवती आडोसा धरला, आणि सांगितलं.

काय सांगितलं ते इथे लिहिता यायचं नाही. ती फार हळू बोलली.